सातव्या वळणावरचा हात

हिरुबायला मी सहा वर्षं ओळखत होतो, पण ती माणूस आहे हे मला अगदी शेवटी कळलं. त्याआधी ती दोन इंची मापाचा एक न्यूमॅटिक सिलिंडर आहे, असा माझा ठाम समज होता. न्यूमॅटिक सिलिंडर म्हणजे हवेच्या दाबावर पुढे जाऊन मागे येणारा दांडा. या समजुतीपायी मी एक वही भरली, बायकोशी वाद घातला, चाळीस माणसांना माझ्यामागे उभं केलं आणि शेवटी जे व्हायला नको होतं ते करून बसलो. हुशार माणसाने मनावर घेतलं की तो किती नुकसान करू शकतो, हे बघायचं असेल तर पुढे वाचा.

बोईसरहून नवापूरकडे जाताना थोडं आत एक छोटं पार्क आहे. पाण्याचं तळं, घसरगुंड्या, गोल फिरणारे पाळणे आणि कोपऱ्यात भूतबंगला. दोन माणसांचा पत्र्याचा डबा रुळांवरून अंधारात शिरतो, नऊ वळणं घेतो आणि चार मिनिटांनी उजेडात येतो. पाचव्या वळणावर सांगाडा उठून बसतो. सहाव्यावर विहिरीतून केस मोकळे सोडलेली बाई वर येते. सातव्यावर काहीच दिसत नाही, ऐकू येत नाही. फक्त मागून एक गारठलेला, ओला हात येतो, मानेवर टेकतो आणि निघून जातो. भल्याभल्यांची बोबडी वळायची ती तिथे.

मी मूळचा धुळ्याकडचा. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. वसाहतीत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. एखादी गोष्ट पुढे येऊन मागे गेली की त्याला तिथे सिलिंडरच दिसतो. लग्नानंतर पहिल्यांदा सुनंदाला घेऊन भूतबंगल्यात गेलो, तेव्हा बाहेर आल्या आल्या ती म्हणाली, "बाईचा हात होता तो. बांगडी वाजली. आणि सुक्या बोंबलाचा वास आला."

मी तिला वीस मिनिटं समजावून सांगितलं. वास रबराच्या सीलचा, आवाज स्प्रिंगचा, गारवा हवा सुटण्याचा. ती "बरं" म्हणाली आणि भेळ खायला लागली. 'बरं' हा शब्द ती फक्त मी चुकलेला असतानाच वापरते, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

पुढे आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला. नाव 'सातवं वळण'. सगळे वसाहतीतले शिफ्टवाले. सुट्टीला पार्कात जायचं, लागोपाठ तीन-चार फेऱ्या मारायच्या आणि मग आठवडाभर त्यावर भांडायचं. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. आम्हालाही वाटायचं, पण थांबता येत नव्हतं. विहिरीवरचा हिरवा दिवा काढून जांभळा लावला, तेव्हा ग्रुप सरळ दुभंगला. एक पक्ष म्हणे भुताला हिरवाच रंग शोभतो, जांभळा लग्नाच्या हॉलला ठीक. दुसऱ्या पक्षाचा पुढारी दुबे, आमच्याच कारखान्यातला बॉयलरवाला. त्याला सगळंच नवं हवं होतं. "परदा लगाओ, धुआँ छोड़ो, डब्बा हिलाओ! कब तक वही पुराना कंकाल देखेंगे?" असं तो रोज सकाळी लिहायचा. मी जुन्यांच्या बाजूचा. सांगाडा उठताना त्याची मान आधी हलते की खांदा, यावर मी एकदा दुबेशी चार दिवस अबोला धरला होता. शेवटी दोघेही चुकलो असं निघालं, कारण आधी सांगाड्याखालची फळी हलायची.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. सातव्या वळणाला कुणी हात लावायचा नाही. ती या भूतबंगल्याची शान होती. तिथे बदल नको, फक्त दुरुस्ती हवी, आणि दुरुस्तीचा अधिकार माझा. मी त्या हाताची वही ठेवली होती. त्यातल्या काही नोंदी आज वाचल्या तरी कान गरम होतात.

'लहान मुलांवर हात चालत नाही. सेन्सर फार उंच बसवला आहे.'

'गरोदर बाईवर चालला नाही. कारण समजत नाही.'

'होणाऱ्या बायकोसमोर फुशारकी मारणाऱ्या तरुणावर एकदम दोन हात. दुसरा सिलिंडर कुठून आला?'

'गेल्या दिवाळीपासून हात अर्धा सेकंद उशिरा येतो. सिलिंडर झिजला आहे.'

आणखी एक नोंद होती. माझे वडील गेले, त्यानंतरची. गावाकडे तेरावं उरकून मी परत आलो, सुनंदा आईजवळ राहिली. खोलीवर गेलो तर कुलूपसुद्धा उघडवेना. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं आणि माझ्या तोंडून पार्काचं नाव गेलं. गावाकडे मी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, पाहुणेरावळे, जेवणावळी, सह्या यातच दिवस गेले होते. भरदुपारी डब्यात एकटा बसलो, आणि विहिरीतली बाई वर आली तेव्हा मला रडू फुटलं. सातव्या वळणावर हात मानेवर आलाच नाही. तो डोक्यावर आला आणि तिथेच राहिला. डबा पुढे सरकेपर्यंत राहिला. बाहेर येऊन मी डोळे पुसले आणि वहीत लिहिलं, 'हात मानेऐवजी डोक्यावर. तीन सेकंद. दाब अगदी कमी. हवा गळते.' वर ते ग्रुपवरही टाकलं आणि पुढच्या सुट्टीला पार्कात सगळ्यांना सांगितलंही. ग्रुपवर दुबेने अंगठा टाकला.

गेल्या वर्षी पार्काच्या मालकांचा मुलगा केतनशेठ याने भूतबंगला नव्याने करायचं ठरवलं. आमच्या ग्रुपचा त्याला पत्ता लागला होता. त्याने निरोप पाठवला की काय बदल हवेत ते लिहून द्या. मग काय, आमच्या अंगात आलं. आठ दिवस भांडून आम्ही तीन पानांचं टिपण तयार केलं. हिरवा दिवा परत आणा, विहिरीत पडदा नको, धूर चालेल पण खोकला येणारा नको. टीप क्रमांक सात मी स्वतः लिहिली, आकृतीसकट. 'मानेवरचा हात झिजला आहे, वेळ चुकते, दाब कमी-जास्त होतो. बदलून नवा सिलिंडर व सेन्सर बसवावा.' खाली एक्केचाळीस सह्या. सगळ्यात वर माझी, जरा मोठी.

टिपण द्यायला आम्ही दहा जण गेलो. केतनशेठने ते वाचलं, टीप सातवर थांबला, गालात हसला आणि म्हणाला, "चला, आतून दाखवतो." आत जाऊन त्याने ट्यूबलाइट लावल्या. उजेडात भूतबंगल्याकडे बघवत नाही. विहीर म्हणजे प्लॅस्टिकचा ड्रम होता. विहिरीतली बाई साडीच्या दुकानातला जुना पुतळा होती. सातव्या वळणावर प्लायवूडची भिंत, तिच्यात वीतभर रुंदीची फट, फटीवर काळं फडकं. केतनशेठने भिंतीची फळी सरकवली.

मागे स्टुलावर साठीची एक बाई बसली होती. कासोटा घातलेलं लुगडं, शेजारी बर्फाची बादली, मांडीवर डबा उघडलेला. तांदळाची भाकरी आणि सुकट चालली होती. उजव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवून रुमालाने घट्ट बांधल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

"या हिरुबाय," केतनशेठ म्हणाला. "नवापूरच्या. अकरा वर्षं इथेच बसतात."

दुबे पुटपुटला, "ये तो औरत है!"

तिने घास संपवला, पाणी प्याली आणि आम्हाला म्हणाली, "वळा."

"काय?"

"मागं वळा. तोंडावरनं नाय वळखत मी तुमाला."

आम्ही दहा घोडे प्लायवूडकडे तोंड करून रांगेत उभे राहिलो. ती उठली आणि एकेकाच्या मानेवर बोट टेकत पुढे निघाली. "ह्यो घामट. ह्यो सेंटवाला. ह्यो दुबे, आत देवाचं नाव घेतो आनि भायेर जाऊन सांगतो कायपन वाटलं नाय." मग माझ्यामागे थांबली. माझी मान आपोआप खांद्यात गेली. ती मोठ्याने हसली. "आनि हा सिलिंडर! हात यायच्या आधीच मान आत घेतो, कासवावानी. सा वरसं ऐकते तुमचं. सील बदला, स्प्रिंग बदला. घरी जाऊन लेकीला इचारलं, बाय, माजी स्प्रिंग कुठं हाय गं?"

त्या दिवसापासून तिने मला सिलिंडर हेच नाव ठेवलं. मला ते शोभायचंही. सुनंदाला घरी येऊन सांगितलं, तर ती नुसती "बरं" म्हणाली.

त्यानंतर मी जवळजवळ प्रत्येक सुट्टीला पार्क उघडायच्या आधी जाऊन तिच्याजवळ बसायला लागलो. ती सकाळी आली की आधी पाचव्या वळणावरच्या सांगाड्याला "काय बापू, झोप झाली?" असं विचारायची आणि त्याच्या कवटीवरची धूळ पदराने पुसायची. मग लिंबाची फोड हाताला चोळायची. "पहाटचं बोंबील वाळत घालून येते. वास ऱ्हातो. तुमच्या घरवालीला आला व्हता ना?" म्हणजे सुनंदाचं बोलणंही तिने ऐकलं होतं. आम्ही बाहेर येऊन कट्ट्यावर बसून भांडायचो, तो कट्टा तिच्या भिंतीला लागूनच होता.

ती इथे आधी झाडूवाली म्हणून कामाला लागली होती. उद्घाटनाच्या दिवशी सातव्या वळणावरचं यंत्र अडकलं. बाहेर पाहुणे खोळंबलेले. मिस्त्री तिला म्हणाला, दुरुस्त होईपर्यंत जरा हात घाल. ते यंत्र काही दुरुस्त झालं नाही. ती हे सांगत असताना मी मध्येच विचारलं, "यंत्र होतं? सिलिंडरचं? किती मापाचा?" तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. पण मला आतून बरं वाटलं हे कबूल करतो. सहा वर्षांत तेवढंच काय ते माझं बरोबर निघालं होतं.

तिची वेळ कशी साधते, हेही तिने दाखवलं. सातव्या वळणाआधी रुळाला तीन सांधे होते. खट्, खट्, खट्. तिसऱ्या आवाजाला हात बादलीतून बाहेर. डबा दिसायची गरजच नाही. "पन आदी ऐकायचं," ती म्हणायची. "मानूस हसतंय का, बोलतंय का, गप हाय का. पोर असंल तर हात नाय लावायचा. बाई दोन जिवांची असंल तर नाय लावायचा."

"अंधारात दोन जिवांची कळते?"

"बसताना उसासा टाकते ना ती. मना पाच पोरं झाली, मना नाय कळनार?"

तिचं एकच तत्त्व होतं, आणि ते ती बोट वर करून सांगायची. "भ्या दाखवायचं, पन दुखवायचं नाय. भिऊन मानूस भायेर जाऊन हसला पायजे. नाय हसला तर माजा हात चुकला."

माझी वही एकेका वाक्याने कोसळत होती. उंच बसवलेला सेन्सर म्हणजे तिची माया होती. दुसरा सिलिंडर म्हणजे तिचा डावा हात, फुशारक्या मारणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला. उरला अर्ध्या सेकंदाचा उशीर. त्याबद्दल विचारलं तर तिने खांदा चोळला. दिवाळीपासून तो वर जात नव्हता. बर्फात हात घालून घालून धरला होता.

मग ती म्हणाली, "त्या दिशी तुमी लय रडत व्हते. कोन गेलं व्हतं?"

"वडील," मी म्हणालो.

"मना वाटलंच. आयबाप गेल्यावरच मानूस असा रडतो, तोंड मिटून." आणि मग हसून, "हवा गळते म्हनून सांगितलं ना सगल्यांला?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

इकडे ग्रुपवर रण माजलं होतं. अर्ध्यांचं म्हणणं, ही फसवणूक आहे, आपण यंत्र समजून घाबरत होतो. अर्ध्यांचं म्हणणं, हीच तर खरी कमाल, हिरुबाय राहिल्याच पाहिजेत. तीनशेच्या वर मेसेज पडले. मतदान घ्यायचं ठरलं, मग मतदान कसं घ्यायचं यावर भांडण झालं. हिरुबायला काय हवंय हे विचारावं, असं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मी तिच्या बाजूने लांबलचक मेसेज लिहिण्यात गुंतलो होतो.

शेवटी मी केतनशेठकडे गेलो आणि टीप सात मागे घेतो म्हणालो. तो बिचारा वाईट माणूस नव्हता. त्याने खणातून आमचं टिपण काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "साहेब, सामान मागवून झालंय. आम्ही अकरा वर्षं काही बोललो का? तुम्हीच लिहिलंय, हात झिजलाय, बदला. सही तुमचीच ना ही?"

सही माझीच होती. जरा मोठी.

मी एक मधला मार्ग काढला. यंत्राचा हात बसवायचा, पण सेन्सर नाही. हिरुबाय स्टुलावर बसून ऐकेल आणि बटण दाबेल. कुणावर हात टाकायचा ते तीच ठरवेल, खांद्याला त्रास नाही, वेळ चुकणार नाही. केतनशेठ हो म्हणाला. मी रात्रपाळी करून तसाच आनंदाने नवापूरला गेलो. ती वाळवणाच्या बांबूंवर बोंबील टांगत होती. डाव्या हाताने. मी आकृती काढून सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमाला वाईट वाटलं म्हनून करताय ना हे?"

"हो."

"मंग चांगलं हाय. पन मी नाय बसनार." तिने एक बोंबील सारखा केला. "मना तिथं बसायचं व्हतं, सिलिंडर. खोटं कशाला बोलू? घरात मना कोन घाबरतो? नातवंडंबी नाय घाबरत. तिथं मोठी मोठी मानसं घाबरायची. पन बटन दाबून काय करू? मानेला हात लागतो तवा कळतं, थरथरतंय का, ताठ हाय का. हात माजा नाय, तर भूत पन माजं नाय."

मी तिथेच वाळूत बसून राहिलो. तिने मला चहा दिला, बुडवून खायला बटर दिलं आणि माझी समजूत काढली. नोकरी तिची चालली होती आणि समजूत माझी निघत होती. माझं आयुष्य असंच चाललं आहे.

आज सातव्या वळणावर मी सेन्सरसकट बसवलेला हात आहे. अगदी वेळेवर येतो. पोरांवर येतो, पोटुशा बायांवर येतो, हसणाऱ्यावर येतो, रडणाऱ्यावर येतो. ग्रुपवर सगळे म्हणतात, वेळ अचूक. पण आता तिथून बाहेर आलेलं कुणी कट्ट्यावर बसत नाही आणि भांडतही नाही. ग्रुपवर हल्ली फक्त वाढदिवस असतात.

पण मला सांगायचंय ते तिच्या शेवटच्या दिवसाचं. पार्क उघडायच्या आधी केतनशेठने तिला विचारलं, काय हवंय? ती म्हणाली, "मना डब्यात बसायचंय. अकरा वरसांत येकदा पन बसले नाय." आणि माझ्याकडे बघून, "तिथं सिलिंडरला बसवा."

म्हणून मी त्या स्टुलावर बसलो. अंधारात. हात बर्फाच्या बादलीत, आणि एका मिनिटात मला रडवेल इतकी कळ खांद्यापर्यंत गेली. लांबून सांगाडा उठल्याचा आवाज आला आणि तिचा, "बापू, मी हाय रे!" मग विहीर. मग शांतता. खट्. तिने पदर सारखा केल्याचं मला ऐकू आलं. खट्. ती ताठ बसली असणार, मान अजिबात आत न घेता. खट्.

हात बाहेर काढला, पण तो मानेकडे जाईना. तिला घाबरवायला माझा हात धजला नाही. डबा पुढे सरकत होता. घाईघाईने हात पुढे केला तो तिच्या डोक्यावर टेकला, आणि मी तो तिथेच ठेवला.

डबा वळणापलीकडे गेला. अंधारातून तिचा आवाज आला, हसण्याने भरलेला. "उशीर केलास रं, सिलिंडर! आनि डोक्यावर कशाला? मी रडते हाय का?"

ती खरं बोलत होती. रडत होतो तो मी, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्या वळणावर आता कुणी नव्हतं.